बॅकग्राऊंडला काय चाललंय, तेवढं एकदा बघून घ्या

कर्जत-खालापूर पट्ट्यात जमिनीचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. फार्महाऊसवाला असो, प्लॉटिंगवाला असो की भावकीतलं वाटप असो, उतारा बघितल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. आणि हा उतारा आता बहुतेक वेळा पीडीएफ असतो. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. पंधरा रुपये भरायचे आणि डाउनलोड करायचा. डिसेंबर २०२५ मध्ये महसूल विभागाने पुन्हा एकदा स्पष्ट केलं की हा उतारा कायदेशीरदृष्ट्या ग्राह्य आहे, त्यावर तलाठ्याचा वेगळा सही-शिक्का लागत नाही. चांगली गोष्ट आहे. तलाठी सजेवर भेटतील की नाही या भरवशावर एसटीची वाट बघणं संपलं.

पण ही सही तपासायची कुठे? मोबाईलवर किंवा ब्राउझरमध्ये उघडलं तर सहीच्या जागी नुसतं चित्र दिसतं. खरी तपासणी होते ती कॉम्प्युटरवरच्या पीडीएफ रीडरमध्ये. तिथे आधी पिवळं प्रश्नचिन्ह येतं, मग सहीवर राईट क्लिक, प्रमाणपत्र बघा, त्यावर विश्वास ठेवा, परत तपासा, आणि मग कुठे हिरवी खूण उमटते. बँकेतला साहेब ‘हिरवी टिक असलेली प्रिंट आणा’ म्हणतो ती हीच. म्हणून आपल्याकडे गावोगावच्या सेवा केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलावर हा एक रीडर असतोच असतो. बहुतेक ठिकाणी अडोबीचा.

आजची पोस्ट या रीडरच्या मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल आहे. विषय तांत्रिक वाटेल. पण त्या कॉम्प्युटरवर तुमचं आधार, पॅन, बँक पासबुक, पोरांचे जातीचे दाखले सगळं पडलेलं असतं, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यात खालापूर तालुक्यातल्या एका केंद्रचालक ताईंचा फोन आला. गाव सांगत नाही. मी कर्जतला असतो, आणि ओळखीपाळखीत कॉम्प्युटरचं काही अडलं की फोन माझ्याकडे येतो. त्या म्हणाल्या, "दादा, मशीन लई स्लो झालंय. टास्क मॅनेजर उघडला तर पीडीएफचं काहीतरी दोन-दोन चालूय. मी तर काही उघडलेलंच नाही. व्हायरस आहे का? मारून टाकू?"

मी म्हटलं, ताई, लगेच मारू नका. आधी कोणाचं आहे ते बघू.

"दुकानवाला तर म्हणतो, स्टार्टअपमधलं सगळं अनटिक करा, मशीन पळायला लागेल."

हा सल्ला आपल्याकडे फार चालतो. मशीन थोडं पळतंही. पण जे बंद केलं त्यात काय होतं हे कोणीच बघत नाही. दुसऱ्या दिवशी खोपोली लोकल पकडून मी तिकडे गेलो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली, पुढे विक्रम. केंद्रात चार माणसं दाखल्यासाठी बसलेली होती, त्यात एक कातकरी जोडपं लहान मुलाला घेऊन आलेलं. त्यांचं काम आधी उरकलं आणि मग मशीन हातात घेतलं.

दोन प्रोग्राम चालू होते. पहिला रीडरचाच, अपडेट बघणारा. विंडोजमध्ये त्याचं नाव ‘अडोबी अ‍ॅक्रोबॅट अपडेट सर्व्हिस’ असं दिसतं. दुसऱ्याच्या नावातही पीडीएफ होतं, पण तो एका फुकटच्या ‘पीडीएफ एडिटर’चा होता. दोघांची तपासणी एकाच पद्धतीने केली. ती पद्धत इथे देतो, कारण ती कोणालाही दहा मिनिटांत करता येते आणि तिला पैसा लागत नाही.

१) पत्ता बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. संशयित नावावर राईट क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ घ्या. सगळ्या मशीनसाठी बसवलेला प्रोग्राम साधारणपणे ‘प्रोग्राम फाईल्स’च्या फोल्डरमध्ये असतो. तिथे काही ठेवायचं तर विंडोज परवानगी विचारतं. रीडरचा अपडेटवाला तिथेच, ‘कॉमन फाईल्स’च्या आत अडोबीच्या फोल्डरमध्ये सापडला. दुसरा सापडला वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅप डेटा’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. तिथे असणं हाच काही गुन्हा नव्हे. पुष्कळ चांगले प्रोग्रामही तिथे बसतात. पण परवानगी न विचारता घुसायला तीच जागा सोयीची असते, म्हणून तिथलं काही दिसलं की पुढच्या पायऱ्या सोडायच्या नाहीत.

२) सही बघा. त्या फाईलवर राईट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, आणि मग ‘डिजिटल सिग्नेचर्स’. सातबाऱ्यावर जशी सही तशीच प्रोग्रामवरही सही असते. तत्त्व तेच: सही कोणाची, आणि सही झाल्यानंतर फाईलमध्ये काही बदललं आहे का. पहिल्यावर अडोबीची सही होती, आणि ‘डीटेल्स’ उघडल्यावर विंडोजने ती बरोबर असल्याचं सांगितलं. दुसऱ्यावरही सही होती! पण ज्या कंपनीची होती तिचं नाव त्या एडिटरच्या वेबसाईटवर कुठेच नव्हतं. म्हणजे कागदावर कुळाचं नाव एक आणि शेत कसतोय दुसराच, असा प्रकार.

३) कधी उठतो ते बघा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ आहेच, पण विंडोजचा ‘टास्क शेड्युलर’ही उघडून बघा. पुष्कळांना तो माहीतच नसतो. रीडरची एक अपडेटची नोंद तिथे असते, ती होती. दुसऱ्या एडिटरनेही आपली नोंद करून ठेवली होती, दिवसातून अनेक वेळा उठायची. पीडीएफ जोडणाऱ्या साध्या अवजाराला दिवसातून इतक्या वेळा उठून काय करायचं असतं?

४) कोणाशी बोलतो ते बघा. ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये ‘नेटवर्क’चा भाग आहे. कुठला प्रोग्राम किती डेटा पाठवतोय ते तिथे दिसतं. एडिटर उघडलेला नसताना त्याचा मागचा प्रोग्राम बाहेर काहीतरी पाठवत होता.

५) दुसऱ्याचं मत घ्या. व्हायरसटोटल नावाची साईट आहे, २००४ साली स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ पासून गुगलकडे आहे. संशयित प्रोग्रामची फाईल तिथे टाकली की अनेक अँटीव्हायरसचं मत एकदम मिळतं. फक्त एक पथ्य: तिथे प्रोग्रामच टाका, लोकांचे कागद टाकू नका. तिथे चढवलेली फाईल सुरक्षा कंपन्यांना बघता येते. कोणाचं आधार ‘व्हायरस आहे का बघू’ म्हणून तिथे टाकणं म्हणजे घराला कडी आहे का बघायला चोरालाच पाठवण्यासारखं. आम्ही टाकलेल्या दोन फाईलींपैकी रीडरवाल्याबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. दुसऱ्याला बऱ्याच जणांनी लाल केलं होतं.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं: ज्याला मारायला निघाला होतात तो पहारेकरी आहे, आणि जो कामाचा म्हणून ठेवला होता त्याला आजच्या आज बाहेर काढायचं.

आता पहारेकऱ्याबद्दल थोडं. ‘अपडेट बंद करा, डेटा खातं’ असं म्हणणारे भेटतात. पीडीएफ हा नुसता फोटो नसतो, त्यात छोटे प्रोग्रामही भरता येतात. रीडरमध्ये फट राहिली की खराब पीडीएफ उघडल्या-उघडल्या मशीन परक्याच्या ताब्यात जाऊ शकतं. मे २०२१ मध्ये अडोबीने स्वतःच जाहीर केलं होतं की विंडोजवरच्या रीडरमधल्या एका फटीचा वापर प्रत्यक्ष हल्ल्यांत झालेला आहे. ती फट बुजवणारं अपडेट ज्याने घेतलं तो सुटला. सेवा केंद्रात दिवसभर अनोळखी लोकांच्या पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सअपवरून आलेले पीडीएफ उघडले जातात. तिथे अपडेट बंद ठेवणं म्हणजे भर पावसात कौलं उतरवून ठेवणं.

पण मोठ्या कंपनीची सही दिसली की डोळे मिटायचे, असंही म्हणत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अडोबीनेच सांगितलं होतं की त्यांच्या एका सर्व्हरमध्ये घुसून कोणीतरी दोन घातक प्रोग्रामवर अडोबीची खरीखुरी सही करून घेतली. पुढच्या महिन्यात ते प्रमाणपत्र रद्द करावं लागलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्यांच्याच ‘डिजिटल एडिशन्स’ या ई-पुस्तक वाचायच्या प्रोग्रामचं प्रकरण निघालं. वाचक कुठलं पुस्तक उघडतो, कुठली पानं वाचतो, याची माहिती तो कंपनीच्या सर्व्हरला पाठवत होता, आणि तीसुद्धा कुलूप न लावता, वाटेत कोणीही वाचू शकेल अशी. अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या संघटनेने आवाज उठवला, आणि त्याच महिन्यात सुधारित आवृत्ती आली. तिथे व्हायरस वगैरे काही नव्हतं. खरा प्रोग्राम, खरी कंपनी, खरी सही. तरीही ‘सुरक्षित आहे का’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं सरळ देता येत नव्हतं. म्हणून पत्ता आणि सही बघून झाल्यावर चौथी पायरीही बघायचीच: हा कोणाशी बोलतो, आणि काय म्हणून?

फुकटच्या एडिटरांचं तर २०२५ मध्येच मोठं उदाहरण घडलं. ‘अ‍ॅपसूट पीडीएफ एडिटर’ नावाचा प्रोग्राम गुगलवरच्या जाहिरातींतून पसरवला गेला. जूनअखेरपासून लोक तो उतरवत होते. पीडीएफचं काम तो व्यवस्थित करायचा, त्यावर डिजिटल सहीही होती. जवळपास दोन महिने अगदी गुणी बाळ. मग २१ ऑगस्टला त्याला वरून अपडेट आलं आणि तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरायला लागला. युरोपातल्या सुरक्षा तज्ज्ञांनी त्याला पकडलं. ताईंच्या मशीनवरचा एडिटर तोच होता असं मी म्हणत नाही, नाव वेगळं होतं. पण ‘दोन महिने वापरतोय, काही झालं नाही’ या वाक्याला किती अर्थ असतो ते यावरून कळतं.

कोणाला वाटेल की हे सगळं तिकडे युरोप-अमेरिकेत, रायगडात कोण येतंय. तर २७ जून २०१७ आठवा. त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात, उरणच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पडलं. ते चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची. आणि मर्स्कमध्ये तो व्हायरस, नॉटपेट्या, शिरला कुठून? युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. सॉफ्टवेअर खरं होतं, मागच्या मागे अपडेट आणणारा प्रोग्रामही खराच होता, पण अपडेट जिथून येतं तिथेच विष कालवलेलं होतं. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं. इकडे कंटेनर अडकून पडले. या बंदराचा माल जुन्या हायवेने आणि एक्स्प्रेस-वेने खालापूरच्या दारातूनच घाटावर जातो. कीव्हमधल्या एका अपडेटने उरणचं टर्मिनल थांबतं, तर चौक-कर्जतचं एखादं सेवा केंद्र कोणत्या कोपऱ्यात लपणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो, आणि माझ्या मते तो ताईंच्या मशीनपेक्षा मोठा आहे. त्यांनी तो एडिटर उतरवला कशासाठी? हौस म्हणून नाही. सरकारी पोर्टलवर कागद चढवायचा तर अमुक केबीच्या आत पाहिजे. फोटो इतका, सही इतकी, पीडीएफ इतका. स्कॅनरमधून निघतो त्याच्या कितीतरी पट मोठा. मग तो लहान कसा करायचा? पोर्टलवर मर्यादा लिहिलेली आहे, पण लहान करायचं अवजार दिलेलं नाही. समोर रांग लागलेली. ताईंनी गुगलवर ‘पीडीएफ साईज कमी करा’ टाकलं, वर जाहिरात आली, क्लिक केलं. त्यांच्या जागी कोणीही हेच करेल. किंबहुना तालुक्यात रोज अनेक जण हेच करत असतील.

म्हणजे मर्यादा घातली सरकारने, अवजार दिलं कुठल्यातरी अनोळखी कंपनीने, आणि धोका आला तो बाकावर बसलेल्या त्या कातकरी जोडप्याच्या वाट्याला. आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी-ठाकर वाड्या किती आहेत ते सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन सुरू झाल्यापासून या वाड्यांवर आधार, जातीचे दाखले, बँक खाती यासाठी शिबिरं होतात. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपला कागद केला, त्याच्या कागदाची स्कॅन कॉपी केंद्राच्या ‘डाउनलोड्स’मध्ये महिनोन् महिने पडून राहते. ती चोरीला गेली तर त्याला कळणारही नाही. उद्या त्याच्या नावावर सिमकार्ड निघालं, कर्ज निघालं, तर तो बिचारा कोणत्या ऑफिसात जाऊन काय सांगणार? पासवर्ड तरी बदलता येतो. आधारच्या स्कॅनवरचं नाव, जन्मतारीख, बापाचं नाव कसं बदलणार?

कायदा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळण्यात कसूर केली तर अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आकडा ऐकायला जबरदस्त आहे. पण एका पंख्याखाली एका मशीनवर केंद्र चालवणाऱ्या ताईंना या आकड्याचा काय उपयोग? त्यांना पाहिजे आहे कोणीतरी वर्षातून दोनदा येऊन मशीन बघणारा, आणि एक साधी यादी: हे वापरा, हे वापरू नका.

म्हणून दोन्ही तहसील कार्यालयांकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे मागणी आहे, आणि ती खर्चिक नाही.

एक, कागद लहान करायची सोय पोर्टलमध्येच द्या. कागद चढवला की तिथेच लहान होऊ दे. ते जमेपर्यंत दोन-तीन तपासलेल्या अवजारांची यादी केंद्रांना लेखी द्या.

दोन, वरच्या पाच पायऱ्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक केंद्रात लावा. दरपत्रक लावायची सक्ती आहे ना, त्याच्या शेजारीच लावा.

तीन, काम झालं की लोकांच्या स्कॅन कॉपी किती दिवसांत पुसायच्या याचा नियम करा, आणि तपासणीला येणारा अधिकारी रजिस्टर बघतो तसं ‘डाउनलोड्स’चं फोल्डरही बघू दे.

चार, केंद्रचालकांचं प्रशिक्षण म्हणजे नवीन योजनेचा फॉर्म कसा भरायचा एवढंच नसतं. त्यात अर्धा तास याला द्या.

आम्ही त्या दिवशी काय केलं तेही सांगतो, कोणाला उपयोगी पडेल. आधी नेटची वायर काढली. एडिटर काढला, टास्क शेड्युलरमधली त्याची नोंद काढली, आणि एवढ्यावर भरवसा न ठेवता कामाच्या फाईली बाजूला घेऊन विंडोज पुन्हा टाकलं. पासवर्ड त्या मशीनवरून बदलले नाहीत, ताईंच्या मोबाईलवरून बदलले: पोर्टलचं लॉगिन, ईमेल, बँक, सगळे. प्रत्येक ठिकाणी ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआऊट’ केलं, कारण ब्राउझरमधलं चालू सत्र चोरलेलं असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणं बंद केलं. काही गेलंय का याचा मागमूस अशा मशीनवर मिळेलच असं नसतं, म्हणून गेलं आहे असं धरूनच चाललो. ज्यांचे कागद मशीनवर होते त्यांना ताईंनी स्वतः फोन करून सांगितलं की आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घ्या, आणि ओटीपी विचारणारा फोन आला तर काही सांगू नका. हे सांगायला हिंमत लागते. गिऱ्हाईक तुटायची भीती असते. एक जण रागावलाही, "तुमच्याकडे परत येणार नाही" म्हणाला. बाकीचे आले. उलट दोघांनी आपापले लॅपटॉप तपासायला आणले.

आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात, दुकानात, ऑफिसात विंडोजचं मशीन आहे, त्यांनी आज रात्री एकदा टास्क मॅनेजर उघडा. जे नाव ओळखीचं नाही त्याचा पत्ता बघा, सही बघा, तो कधी उठतो आणि कोणाशी बोलतो ते बघा. ओळखीचं असलं तरी बघा. आपण सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे ते वाचल्याशिवाय इसार देत नाही. मशीनवर चालणाऱ्या प्रोग्रामलाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?

आपल्या भागातल्या केंद्रचालकांपर्यंत ही पोस्ट पोचवा. कोणाकडे असाच अनुभव असेल तर खाली लिहा, पण केंद्राचं नाव आणि माणसांची नावं टाकू नका. तहसीलदार साहेबांना द्यायचं निवेदन तयार करतोय, ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.